जाडी जुळली, तरी लोकर जुळली असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॅटर्न लोकरीच्या, पूर्ण बाह्यांच्या कार्डिगनचा होता. त्यातली लोकर मिळाली नाही म्हणून त्याच जाडीचा सुती धागा घेतला. नमुन्याचा तुकडा सुईवरून काढल्या काढल्या मोजला, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बरोबर बसले. तरीही ५०० ग्रॅम धागा पुरला नाही, नंतर आणलेल्या गुंड्यांचा रंग किंचित वेगळा निघाला आणि पहिल्या धुण्यातच कार्डिगन चार बोटं खाली उतरलं, मनगटाची रिब, म्हणजे घट्ट बसणारी ताणदार कड, सैल पडली. टाके जुळले होते, मग चुकलं कुठे?

विणण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. चूक धागा निवडतानाच झाली, आणि ती बहुतेक सगळ्यांची होते, कारण लेबलवर सगळ्यात आधी जाडी दिसते आणि आपण तिच्यावरच निर्णय घेतो. शिवाय मराठीत आपण सुयांवर विणायच्या कुठल्याही धाग्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतो. मेंढीची असो, अ‍ॅक्रिलिकची असो, नाहीतर दोन्हींची मिसळ असो, सगळी लोकरच. बोलताना त्याने काही बिघडत नाही, पण विणताना बिघडतं. मेंढीच्या लोकरीसाठी लिहिलेला पॅटर्न त्या लोकरीच्या स्वभावावर उभा असतो, आणि तो स्वभाव जाडीच्या आकड्यात कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून जाडी मी शेवटी बघते. आधी बघते ती एकच गोष्ट: धागा ताणला की परत येतो का?

घरात मेंढीची लोकर आणि सुती धागा दोन्ही असतील तर आत्ताच करून बघा. दोन्हींचे वीतभर तुकडे घ्या. लोकरीचा तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. तो लांबतो आणि हात सैल केला की पुन्हा आखडतो, बोटांना ते स्पष्ट कळतं. आता सुती धागा ओढा. तो जवळजवळ लांबतच नाही, आणि जे काही थोडं लांबेल ते तसंच राहतं. मेंढीच्या केसाला मुळातच बारीक लाटांसारखे वळसे असतात, ओढले की ते सरळ होतात आणि सोडले की पुन्हा वळतात. कापसाच्या तंतूत ही उसळी नाही.

तुमच्या मनगटाच्या रिबचं उत्तर यातच आहे. एक सुलटा, एक उलटा ही वीण घट्ट बसते ती अर्धी विणीमुळे आणि अर्धी धाग्याच्या उसळीमुळे. लोकरीत दोन्ही मिळतात. सुतात फक्त वीण काम करते, आणि दहा वेळा हात आत-बाहेर गेला की ती हरते. लांबीचंही तेच. सूत लोकरीपेक्षा जड असतं, त्यामुळे कार्डिगनचं वजन प्रत्येक ओळीला खाली खेचतं. धुतल्यावर त्यात पाणी भरतं, वजन आणखी वाढतं, आणि वर ओढून घेणारी उसळी तर नाहीच.

मात्र हा धडा फक्त सुताचा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी शंभर टक्के अल्पाकाचं लांब कार्डिगन विणलं होतं. धागा इतका मऊ होता की विणताना थांबवत नव्हतं. नमुन्याचा तुकडा विणला, मोजला, सगळं बरोबर. दोन महिन्यांत बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या आणि खिसे गुडघ्याकडे सरकले. अल्पाका प्राण्याचाच केस आहे, भरपूर ऊबदार आहे, पण त्यात मेंढीच्या लोकरीइतके वळसे नसतात, त्यामुळे तो सुतासारखाच खाली उतरतो. तेव्हापासून ‘प्राण्याची लोकर म्हणजे आकार धरणार’ असं मी गृहीत धरत नाही. अल्पाका मी शालीला, स्कार्फला, किंवा मेंढीच्या लोकरीत मिसळलेला असेल तर स्वेटरला वापरते.

आता तंतूंकडे येऊ.

मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. पिशवी किंवा घरातल्या सपाता करताना आपण हे मुद्दाम करतो, स्वेटरचं झालं तर तो गेला. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीत हे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले असतात आणि बहुधा वर पातळ थर चढवलेला असतो. त्यामुळे ती मशीनमध्ये धुता येते, पण त्याच कारणाने ती गुळगुळीत होते, तंतू एकमेकांना धरत नाहीत, आणि ओली झाल्यावर सुपरवॉश लोकर बऱ्यापैकी पसरते. वाळवताना सपाट ठेवून आकारात बसवावी लागते. साध्या लोकरीचा आणखी एक फायदा म्हणजे दोन टोकं ओली करून तळहातांत जोरात चोळली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. सुपरवॉशमध्ये हे जमत नाही. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून थंड, दमट हवेत तिच्यासारखं दुसरं काही नाही.

सुताला मी वर नावं ठेवली असं वाटू देऊ नका. पाणी शोषणं, धुण्याला टिकणं, अंगाला न टोचणं यात त्याला तोड नाही, आणि ओलं झाल्यावर ते कमकुवत होत नाही, उलट अधिक मजबूत होतं. हातपुसणी, भांडी धरायची फडकी, लहान बाळाच्या उघड्या अंगाला लागणारे कपडे, बाजाराच्या पिशव्या, क्रोशाच्या बाहुल्या, सगळं सुताचं. मर्सराइज्ड सूत वेगळं ओळखायला शिका. १८४४ मध्ये जॉन मर्सरने शोधलेल्या पद्धतीवरून हे नाव पडलं. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढतात, त्याने तंतू फुगून गोल होतो, आणि ताण देऊन ही प्रक्रिया केली की चकाकी येते. रंग खोल बसतो, टाका रेखीव दिसतो. क्रोशाच्या लेससाठी ते उत्तम, पण हातपुसण्याला साधं, मॅट सूतच घ्यावं, ते पाणी पटकन ओढतं.

लिनन नवीन असताना सुतळीसारखं कडक लागतं आणि विणताना हात दुखतात, पण प्रत्येक धुण्यागणिक मऊ होत जातं. पहिल्या नमुन्यावरून त्याला नापास करू नका. रेशीम मजबूत, चमकदार आणि ऊबदार, मात्र उसळी नाही. बांबू आणि व्हिस्कोस हे नावाने वनस्पतीचे असले तरी लगदा विरघळवून नव्याने ओढलेले तंतू आहेत. कापड सुरेख लोंबतं, अंगाला थंड लागतं, पण ओलं झालं की कमकुवत होतं आणि लांबीत उतरतं. त्यांची शाल करा, फिटिंगचा स्वेटर करू नका.

अ‍ॅक्रिलिकला कमी लेखण्याची पद्धत मला मान्य नाही. ते हलकं असतं, आटत नाही, कसर लागत नाही, रोज मशीनमध्ये धुता येतं. ज्या घरात लहान मूल आहे आणि लोकर हाताने धुवायला कुणाला वेळ नाही, तिथे अ‍ॅक्रिलिकचं पांघरूण हीच शहाणी निवड आहे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते घाम शोषत नाही. आणि गरम इस्त्री टेकली की तंतू वितळून कापड कायमचं लुळं पडतं, ते परत मूळचं होत नाही. भांडी धरायचं फडकं अ‍ॅक्रिलिकचं तर कधीच करू नका: गरम भांड्याला ते वितळून चिकटतं आणि हात भाजतो.

मिसळ असेल तर टक्केवारी वाचा, ती कामासाठी ठरवलेली असते. मोज्यांच्या धाग्यात साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन दिसतं ते टाचेची झीज सोसण्यासाठी. सुतात अर्धं अ‍ॅक्रिलिक असेल तर वजन घटतं. तुमच्या कार्डिगनसाठी तसा धागा निम्मी अडचण टाळू शकला असता.

लेबल हरवलेला धागा असेल तर दोन बोटं लांबीचा तुकडा चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून जाळून बघते. मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. सूत कागदासारखं जळतं, करडी, भुसभुशीत राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला काळा, कडक मणी राहतो.

तंतू कळला तरी अर्धंच कळलं. तोच तंतू कसा कातला आणि किती पदरांत पिळला यावर धागा वेगळा होतो. मी गुंड्याचं टोक घेते, पीळ उलटा फिरवते आणि पदर मोजते. एकपदरी धागा हाताला अत्यंत मऊ लागतो आणि फुगीर दिसतो, पण त्याचे तंतू एकाच पिळाने धरलेले असतात, घर्षण झालं की सुटतात आणि कापडावर बारीक गोळे धरतात. टोपीला, गळपट्ट्याला ठीक, पण काखेत आणि बाजूला सतत घासणाऱ्या स्वेटरला नको. दोनपदरी धाग्याचा छेद गोल नसतो, थोडा चपटा असतो. त्यामुळे पदर जाळीच्या भोकापासून बाजूला सरकतात आणि भोकं उघडी राहतात, म्हणून जाळीच्या शालीला दोनपदरी. तीन किंवा अधिक पदरी धागा गोल असतो, टाका फुगून वर येतो, म्हणून केबलच्या वेण्या आणि उठावाच्या विणी त्यात खुलतात. मी एकदा तीच वेणी, तीच सुई, तीच जाडी ठेवून दोन्ही धाग्यांत विणली. दोनपदरीत वेणी जणू दाबून इस्त्री केल्यासारखी दिसत होती.

पिळाचंही बघा. घट्ट पिळाचा धागा टिकतो, गोळे कमी धरतो, पण हाताला किंचित कडक लागतो. सैल पिळाचा मऊ असतो आणि चिरतो. दुकानातच क्रोशाची सुई धाग्यात टोचून बघा. टोक पदरांमधून सहज आत गेलं तर तो धागा विणतानाही तसाच चिरत राहणार, आणि क्रोशात एकाच टाक्यात सुई अनेकदा फिरते म्हणून तिथे त्रास जास्त. काही धागे क्रोशे करताना हळूहळू उलगडतच जातात, कारण हाताची फिरवण्याची दिशा त्यांच्या पिळाच्या उलट पडते. दोष तुमच्या हाताचा नसतो, धागा बदला.

मऊपणाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. दुकानात बोटांनी दाबून जो धागा सगळ्यात मऊ लागतो, तो घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण तो मऊपणा बारीक तंतू, सैल पीळ आणि कमी पदर यातूनच येतो, आणि याच तीन गोष्टींनी गोळे धरतात. शिवाय बोटांची कातडी निबर असते, ती खरं सांगत नाही. गुंडा गळ्याला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक मिनिट थांबा. टोचणं हे तंतूच्या जाडीवर असतं. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू बहुधा २४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो, तर साधारण ३० मायक्रॉनच्या पुढची टोकं कातडीला वाकण्याऐवजी टोचतात. त्या जाड लोकरीही टाकाऊ नाहीत. शर्टावरून घालायच्या जॅकेटला त्याच वर्षानुवर्षं टिकतात.

आता जाडी. बऱ्याच लेबलांवरच्या खुणेत ० पासून ७ पर्यंत आकडे असतात, आकडा मोठा तसा धागा जाड: ० म्हणजे लेस, ३ म्हणजे डीके, ४ म्हणजे वर्स्टेड, ७ म्हणजे जम्बो. ‘४ प्लाय’, ‘८ प्लाय’ या नावांनी मात्र फसू नका. पूर्वी ठराविक जाडीच्या पदरांची संख्या मोजून ही नावं पडली, आज ती केवळ जाडीची नावं आहेत. ‘८ प्लाय’ लिहिलेला धागा उलगडला तर आत तीनच पदर सापडू शकतात. क्रोशाच्या दोऱ्याचे नंबर आणखी उलटे: १० नंबरपेक्षा ४० नंबरचा दोरा बारीक. नाव नसेल तर धागा पट्टीवर न ओढता शेजारी-शेजारी गुंडाळा आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. डीकेचे अकराच्या आसपास, वर्स्टेडचे नऊच्या.

तुमचा धागा कमी पडला त्याचं कारण ग्रॅम. घनता बघा: एका घन सेंटिमीटरला कापूस सुमारे १.५४ ग्रॅम, लोकर १.३१, अ‍ॅक्रिलिक १.१७. म्हणजे त्याच जाडीचा, त्याच वजनाचा सुती धागा लांबीला कमी भरणार. धागा नेहमी मीटरमध्ये मोजा. समजा पॅटर्नमध्ये ५० ग्रॅमचे १० गुंडे आहेत आणि प्रत्येकी १२० मीटर, तर लागणार १२०० मीटर. तुमच्या सुती गुंड्यात ५० ग्रॅमला १०६ मीटर असतील, तर १२०० भागिले १०६, म्हणजे ११.३, म्हणजे १२ गुंडे, आणि मी त्यावर एक जास्तीचा घेईन. लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. नावाने तोच रंग असला तरी प्रत्येक रंगणीत छटा बदलते, आणि दिव्याच्या उजेडात ती दिसत नाही, दुसऱ्या दिवशी अंगणात दिसते.

रंगाबद्दल एवढंच: अनेकरंगी धाग्यात वेणी आणि जाळी हरवते. अवघड वीण असेल तर एकरंगी, फिकट धागा घ्या, आणि धागा सुंदर रंगीबेरंगी असेल तर वीण साधी ठेवा.

नमुन्याचा तुकडा तुम्ही विणला होता, पण मोजला तो सुईवरून काढल्या काढल्या. तसा तुकडा धागा काय करणार आहे हे सांगत नाही. २० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणा, कपडा जसा धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा आणि मोजा. मग वरची कड दोरीला चिमट्यांनी लावा, खालच्या कडेला काही कपड्यांचे चिमटे अडकवा आणि रात्रभर लटकत ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या कार्डिगनचं भविष्य. फरक छोटा वाटला तरी हिशेब करा: २२ टाके धरून १०० सेंटिमीटर घेरासाठी २२० टाके घातले आणि धुतल्यावर १० सेंटिमीटरमध्ये २० टाकेच उरले, तर घेर ११० सेंटिमीटर होतो.

आता तुमच्या कार्डिगनचं. ते टाकून देऊ नका, उसवा. धागा खुर्चीच्या पाठीवर लडी करून गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. कुरळेपणा बराचसा जातो. मग एक माप बारीक सुयांवर विणा, म्हणजे वीण दाट होऊन आकार धरेल. वर सांगितलेला लटकवलेला तुकडा २० चा २१.५ सेंटिमीटर झाला असेल, तर वाढ साडेसात टक्के. तयार उंची ५५ हवी असेल तर ५१ वर थांबा. बाह्या तीन-चतुर्थांश ठेवा, वजन कमी होईल. रिबऐवजी गार्टर (सगळ्या ओळी सुलट) किंवा दाण्याची कड घाला, तिला उसळी लागत नाही. गोलात न विणता भाग वेगळे विणून बाजू शिवा, आणि मागच्या गळ्यापासून दोन्ही खांद्यांवर आतून सुती पट्टी हाताने टाचा, सगळा भार तिच्यावर येईल. दोन लॉटचे गुंडे दोन-दोन ओळी आलटून पालटून घ्या, धागा कडेने वर न्या. छटांचा फरक पट्टा म्हणून दिसणार नाही, सगळ्या कापडात विरून जाईल.